अम्मीचं ऑपरेशन आणि पाकीचा सवाल

2022 च्या नोव्हेंबरमध्ये माझ्या अम्मीचं मूत्राशय ऑपरेशन करून काढलं. तेव्हापासून तिच्या पोटावर एक पिशवी असते आणि लघवी त्या पिशवीत जमा होते. गेल्या रमजानच्या आधी नात्यातल्या एका खालांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बेटा, तेरी अम्मी की नमाज होती क्या अब?" प्रश्नात खोच नव्हती. त्यांच्या जावेला डॉक्टरांनी हेच ऑपरेशन सांगितलं होतं आणि ती काही केल्या तयार होत नव्हती. खालांना त्या दिवशी जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय. लिहिण्याआधी अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "लिख. मगर मेरा नाम नको डाल."

सुरुवात 2008 पासून करावी लागेल. अम्मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. आमच्या भागात रेडिएशनला 'शेक' म्हणतात, कुणी 'लाईट' म्हणतात. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, असे पंचवीस शेक बाहेरून दिले. आठवड्यातून एकदा केमोची बाटली. त्यानंतर तीन वेळा आतून शेक. अब्बा तेव्हा हयात होते. त्यांनी हॉस्पिटलजवळ खोली भाड्यानं घेतली होती आणि स्टोव्हवर खिचडी करून ते अम्मीला खाऊ घालत. पाच वर्षं तपासण्या झाल्या. कॅन्सर परत आला नाही. अब्बांनी नियाज केली, गल्लीत जेवण दिलं, आणि अम्मीची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवली. आमच्या दृष्टीनं तो विषय संपला.

शरीराच्या दृष्टीनं संपला नव्हता, हे आम्हाला तेरा वर्षांनी कळलं. बाईच्या शरीरात गर्भाशयाच्या तोंडाच्या अगदी पुढे मूत्राशय असतं आणि मागे गुदाशय. कॅन्सरवर शेक द्यायचा तर थोडाफार शेक या दोघांना बसतोच. मशीन कितीही चांगलं असलं तरी तो पूर्ण टाळता येत नाही. शेकामुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आतून अरुंद होत जातात. रक्त कमी पोहोचतं, ऑक्सिजन कमी पोहोचतो, मऊ असलेली भिंत कडक होते. जुन्या वाहिन्यांच्या जागी शरीर नव्या तयार करतं, पण त्या पातळ आणि ठिसूळ असतात. जरा ताण पडला की फुटतात आणि लघवीतून रक्त येतं. कुणाला हे काही महिन्यांत होतं, कुणाला दहा-पंधरा वर्षांनी. पुष्कळांना होतच नाही. पण होऊ शकतं, एवढं एक वाक्य 2008 मध्ये आम्हाला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. कदाचित सांगितलंही असेल. त्या दिवसांत आमच्या कानांत 'कॅन्सर' हा एकच शब्द शिरत होता.

2021 च्या ऑगस्टमध्ये अम्मीला पहिल्यांदा रक्त दिसलं. तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. अब्बा जाऊन चार वर्षं झाली होती. साठीची विधवा बाई असल्या गोष्टी मुलाला कशा सांगणार? तिनं मनाशी दोन अर्थ लावले. एक, कॅन्सर परत आला. दोन, रक्त जातंय म्हणजे आपण नापाक, म्हणजे नमाज नाही. पहिली गोष्ट तिनं पोटात ठेवली आणि दुसरी मुकाट्यानं अमलात आणली. माझ्या बायकोच्या लक्षात आलं ते असं, की अम्मीची जानमाज पाच-सहा दिवस ठेवली तशीच घडी घालून पडली होती. फज्रला न चुकता उठणारी बाई पडून राहते आहे. बायकोनं खोदून विचारलं तेव्हा अम्मी रडली आणि बोलली.

मी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लघवीतला संसर्ग म्हणून गोळ्या दिल्या. कमी झालं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा गोळ्या बदलून दिल्या. असे चार महिने गेले. शेक घेतल्याचं आम्ही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. दोष त्यांचा किती, आमचा किती, याचा हिशेब मी आता करत नाही. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो. ज्या माणसाला कधीकाळी ओटीपोटावर शेक दिलेत, मग तो गर्भाशयासाठी असो, प्रोस्टेटसाठी असो की गुदाशयासाठी, त्याच्या लघवीत रक्त दिसलं तर नुसत्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. यूरॉलॉजिस्टला दाखवून दुर्बिणीनं आत बघून घ्यावं. कारण शेकानंतर बऱ्याच वर्षांनी मूत्राशयाचा वेगळा कॅन्सर होण्याचा धोकाही थोडा वाढलेला असतो, आणि रक्त शेकाचं आहे की कॅन्सरचं हे बाहेरून ओळखता येत नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये एका रात्री दोनच्या सुमारास अम्मीची लघवी पूर्ण बंद झाली. आत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि त्यांनी वाट अडवली होती. पोट टच्च फुगलं. माझी अम्मी ओरडणारी बाई नाही. त्या रात्री ती ओरडत होती. जीप करून आम्ही मिरजेला पोहोचलो. तिथं तीन तोंडांची जाड नळी घालून, एका तोंडातून सलाईन सोडून, दुसऱ्यातून गुठळ्या बाहेर काढल्या. तिसरं तोंड फुगा फुगवायला असतं. दोन दिवस सतत पाणी आत जात होतं आणि लालभडक होऊन बाहेर येत होतं. यूरॉलॉजिस्टनी दुर्बिणीनं बघितल्यावर पहिला प्रश्न विचारला, "यांना कधी शेक दिले होते का?" तेव्हा कुठं मी घरी येऊन पेटी उघडली आणि अब्बांनी गुंडाळून ठेवलेली फाईल नेऊन दिली.

कॅन्सर नव्हता. हा तेरा वर्षांपूर्वीच्या शेकाचा परिणाम होता.

मूत्राशय काढणं हा पहिला उपाय नसतो, सगळ्यात शेवटचा असतो. आधी दुर्बिणीतून रक्ताच्या जागा जाळून बघितल्या. मग तुरटीचं पाणी सोडलं. हो, आपली न्हाव्याकडची तुरटी. शंभराला एक असं पातळ, निर्जंतुक द्रावण नळीतून मूत्राशयात सोडतात, त्यानं फुटलेल्या वाहिन्यांची तोंडं आकसतात. अम्मीला सांगितलं तर त्या अवस्थेतही ती हसली. म्हणाली, "तेरे अब्बा रोज गाल को लगाते थे." त्यानं पंधरा दिवस आराम पडला. मग पुण्यात दाबाखालचा ऑक्सिजन घेतला. बंद नळकांड्यात झोपवून, बाहेरच्या हवेच्या दुपटीहून जास्त दाबाखाली, रोज सुमारे दीड तास शुद्ध ऑक्सिजन. उपाशी पडलेल्या भिंतीला ऑक्सिजन मिळाला की तिथं नव्या धडधाकट वाहिन्या येतील, ही त्यामागची कल्पना. अशा तीस बैठका झाल्या. ज्यांना हा उपाय लागू पडतो त्यांचं ऑपरेशन टळतं. अम्मीचं रक्त दीड महिना थांबलं आणि जुलैअखेर पुन्हा सुरू झालं. तोवर मूत्राशय आकसून इतकं लहान झालं होतं की दर वीस मिनिटांनी तिला उठावं लागायचं. माणसाच्या मूत्राशयात एरवी चारशे-पाचशे मिली मावतं. तिच्यात शंभरही मावत नव्हतं. रात्रीची झोप नाही, दर तीन आठवड्यांनी रक्ताची बाटली.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता मूत्राशय काढावं लागेल. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या आतड्याच्या एका छोट्या तुकड्याला जोडायच्या आणि त्या तुकड्याचं दुसरं टोक पोटावर बाहेर काढायचं. त्यावर पिशवी. 1950 साली यूजीन ब्रिकर नावाच्या अमेरिकन सर्जननं ही पद्धत मांडली आणि आजही जगभर तीच सर्वाधिक वापरली जाते. मी विचारलं, मूत्राशय आत तसंच ठेवून नुसता लघवीचा रस्ता बदलला तर? ते म्हणाले, कधी कधी तसंही करतात, पेशंट फार अशक्त असेल तर. पण रिकामं मूत्राशय आत राहिलं की त्यातून रक्त येत राहू शकतं, पू साठू शकतो. शेक बसलेल्या पोटात दुसऱ्यांदा हात घालायची वेळ येऊ नये.

अम्मीनं सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाली, "मैं नहीं करने की."

आम्हाला वाटलं ऑपरेशनला भ्यायली. मी आकडे सांगितले, बायकोनं समजावलं, मुंबईहून बहीण येऊन रडून गेली. अम्मी ढिम्म. तीन महिने गेले. हिमोग्लोबिन साडेपाचपर्यंत उतरलं. शेवटी एका दुपारी बायकोजवळ तिनं मनातलं काढलं. "लघवी की थैली बदन पे बांध के नमाज कैसी होगी? मर गई तो चलेगा, पर बाकी उम्र नापाक नहीं रहने की मैं."

तीन महिने आम्ही तिच्याशी रक्तवाहिन्या आणि आतड्यांबद्दल बोलत होतो. तिचा सवाल वेगळाच होता आणि त्याचं उत्तर देणं डॉक्टरांचं काम नव्हतं.

त्या रात्री इशानंतर मी आमच्या मशिदीच्या मौलानांकडे गेलो. कसं बोलावं सुचत नव्हतं. शेवटी कागद घेऊन चित्रच काढलं. हे मूत्रपिंड, ही नळी, हे आतडं, ही पिशवी. मौलानांनी चष्मा लावून चित्र बघितलं आणि विचारलं, "पेशाब रोकना इनके इख्तियार में रहेगा?" मी म्हटलं, नाही. थेंब थेंब सतत येत राहणार. ते म्हणाले, मग यात अडचण काय आहे? या माजूर आहेत. माजूर म्हणजे ज्याला असा उज्र आहे की वझू टिकवून ठेवणं त्याच्या हातात नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. नमाजचा वक्त सुरू झाला की पिशवी रिकामी करायची, वझू करायचा आणि नमाज पढायची. लघवी येत राहिली तरी त्या लघवीनं वझू तुटत नाही. हनफी मसलकात तो वझू त्या नमाजचा वक्त संपेपर्यंत चालतो. त्यात फर्ज, सुन्नत, कजा, कुरआनची तिलावत सगळं करावं. पुढच्या वक्ताला नवा वझू. आपल्या कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. त्यांच्याकडे वक्त सुरू झाल्यावर प्रत्येक फर्ज नमाजसाठी नवा वझू करायचा असतो, नफिल मात्र त्याच वझूवर हव्या तेवढ्या पढता येतात. पिशवी अंगावर असणं ही मजबुरी आहे. दर नमाजला ती बदलत बसण्याचा त्रास दीन कुणाला देत नाही. आजूबाजूची जागा आणि कपडे जमेल तेवढे साफ ठेवावेत.

निघताना त्यांनी एक हदीस सांगितली, जी मला अम्मीसाठीच राखून ठेवल्यासारखी वाटली. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्याकडे फातिमा बिन्त अबी हुबैश नावाच्या सहाबिया आल्या होत्या. त्यांचं रक्त थांबतच नव्हतं. त्यांनी विचारलं, मी नमाज सोडू का? त्यांना उत्तर मिळालं की नाही, हे रगेतून येणारं रक्त आहे, हैज नाही. हैजचे दिवस तेवढे सोडायचे, मग धुऊन नमाज पढायची. माजूरचे सगळे मसले पुढं आलिमांनी ज्या हदीसींवरून काढले त्यातली ही महत्त्वाची. म्हणजे अम्मीनं ऑगस्ट 2021 मध्ये लाजेपोटी न विचारलेला प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी एका बाईनं थेट जाऊन विचारला होता आणि त्याचं उत्तर मिळालं होतं. रगेतून येणारं रक्त. दुर्बिणीनं बघून डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मौलाना स्वतः घरी आले. पडद्याआडून अम्मीनं दहा-बारा प्रश्न विचारले. रात्री पिशवी गळली तर? गुस्ल कसा? रोजा? शेवटच्यावर ते म्हणाले, रोज्याचं डॉक्टरांना विचारा, त्यांनी पाणी पीत राहायला सांगितलं तर फिदया आहे. मौलाना गेल्यावर अम्मी बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "पिछले साल की छूटी नमाजें कितनी हुई होंगी रे?" वहीत हिशेब मांडून ती कजा पढायला लागली. ऑपरेशनची तारीख आम्ही दुसऱ्या दिवशी घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमा नर्स आली. पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. ते कुठं काढायचं याची खूण आधी पेनानं करतात. तिनं अम्मीला उभं केलं, बसवलं, वाकवलं, कारण पोटाची घडी पडते तिथं पिशवी चिकटत नाही. बायको म्हणाली, "सिस्टर, यांना सजदा करायचा असतो. त्यात बघाल का?" नर्सनं लगेच चादर टाकली. अम्मीनं पलंगाशेजारी सजदा केला, नंतर कायद्यात बसली, आणि त्या बैठकीत सलवारीच्या नाड्याच्या वर, घडीपासून दूर, नर्सनं खूण केली. एक खाली, एक जरा वर. आतडं कुठलं वापरायचं हे पोट उघडल्यावरच कळेल म्हणून दोन. सगळ्या आजारपणात मला तो क्षण सगळ्यात जास्त आठवतो.

ऑपरेशन सात तास चाललं. साधारण पेशंटमध्ये एकेक अवयव वेगळा करता येतो. शेक बसलेल्या पोटात सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, सुटं करताना आतडं फाटू शकतं, आणि जोडलेलं लवकर भरत नाही. लहान आतड्याचा नेहमी वापरतात तो भाग अम्मीच्या बाबतीत शेकाच्या पट्ट्यात आलेला होता. तो फिकट आणि कडक दिसला, म्हणून सर्जननी वरच्या बाजूच्या मोठ्या आतड्याचा तुकडा घेतला. तिथंवर शेक पोहोचलेला नव्हता. वरची खूण कामाला आली. आतड्याचं नवं मूत्राशय आत शिवण्याचीही पद्धत आहे, पण अशा पोटात ते जोखमीचं म्हणून त्यांनी तो विचार आधीच सोडला होता.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. आठ दिवस आतडी हलेनात, तोंडानं काही देता येईना. टाक्यांचा खालचा भाग उघडला, तो भरायला पाच आठवडे रोज ड्रेसिंग. जानेवारीत मूत्रपिंडाला संसर्ग होऊन तापानं पुन्हा दाखल. हे लिहितोय कारण ऑपरेशन झालं की सुटलो, असं कुणी समजू नये. पण रक्त थांबलं. पहिल्यांदा पिशवीत स्वच्छ पिवळं पाणी दिसलं तेव्हा आमच्या घरात ईद होती.

पिशवी बदलायला बायको शिकली. मी लांब राहायचो. अम्मीलाही तेच हवं होतं. एकदा बायको माहेरी असताना रात्री प्लेट सुटली, अंथरूण ओलं झालं. अम्मी अंधारात बसून होती, मला हाक मारत नव्हती. मी उठलो, गरम पाणी घेतलं. स्टोमा मी पहिल्यांदा नीट बघितला. ओठांच्या आतल्या भागासारखा लाल, ओला. हात लागला तरी दुखत नाही. त्यातून लघवीबरोबर पांढरे धागे येतात, ती आतड्याची चिकट असते, घाबरण्यासारखं काही नाही. कातडी पुसून कोरडी केली, भोक मापानं कापलं, प्लेट बसवून तळहातानं पाच मिनिटं ऊब दिली. अम्मीनं तोंड भिंतीकडे केलं होतं. झाल्यावर म्हणाली, "तेरे लंगोट मैंने कितने बदले, गिने नहीं कभी." मग आम्ही दोघं हसलो. तेव्हापासून तिला माझी लाज वाटत नाही.

आता तिची दिनचर्या बसली आहे. चार दिवसांनी पहाटे, पाणी प्यायच्या आत, पिशवी बदलायची, कारण तेव्हा लघवी कमी येते. रात्री लांब नळीनं मोठी पिशवी जोडायची, म्हणजे उठावं लागत नाही. जड हंडा उचलायचा नाही, पोटाला हर्निया होऊ शकतो. सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवायला. पिशव्यांचा खर्च दर महिन्याला असतोच, तो आधीच धरून चालावा. पहिले चार महिने तिनं खुर्चीवर नमाज पढली. आता खाली सजदा करते. रमजानमध्ये रोजे धरत नाही, फिदया देते, आणि त्याचं तिला वाईट वाटतं. तरावीह मात्र घरी पूर्ण पढते.

खालांना मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुमच्या जावेला दोन ठिकाणी न्या. डॉक्टरांना विचारा, ऑपरेशनशिवाय दुसरं काही उरलंय का, आणि आतडं कुठलं घेणार. आणि आपल्या आलिमांना विचारा, नमाजचं कसं. दोघांनाही एकमेकांचं काम माहीत नसतं, म्हणून चित्र आपणच काढून न्यावं लागतं. खाला म्हणाल्या, "तू ही चल ना साथ में." मी अम्मीकडे बघितलं. तिनं तसबीह खाली ठेवली आणि म्हणाली, "ये क्या बोलेगा. मैं चलती हूं."